पाण्याखालचा घास : नॉर्वेच्या समुद्रापासून येलदरीच्या जलाशयापर्यंत

पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्याच्या खर्चाचा हिशोब मांडला, तर प्रत्येक रुपयातले साठ ते सत्तर पैसे खाद्यावर गेलेले दिसतात. जाळे, तराफा, बोटुकली, होडी, राखणदार, मजुरी हे सगळे उरलेल्या तीस-चाळीस पैशांत बसवायचे असते. त्यामुळे टाकलेल्या खाद्यातले किती माशाच्या पोटात गेले आणि किती तळाला, यावर धंद्याचा नफा-तोटा ठरतो. गोठ्यात बैलापुढे टाकलेला कडबा उरला तर गव्हाणीत दिसतो. जलाशयात उरलेली गोळी दिसत नाही. ती जाळ्यातून खाली जाते, गाळात कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि पुढे त्याच पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर आणते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगातल्या सागरी मत्स्यशेतीने या न दिसणाऱ्या घासावर पुष्कळ पैसा आणि बुद्धी खर्च केली आहे. खाद्य पाण्यावर न फेकता नळीवाटे खोलवर सोडायचे, मासे जिथे असतील तिथे ते पोहोचवायचे आणि ते खाल्ले जाते की नाही हे पाण्याखालच्या कॅमेऱ्याने पाहायचे, अशी ही पद्धत. परभणी जिल्हा समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर आत आहे. तरीही हा विषय परभणीकरांच्या कामाचा आहे, कारण पिंजरे आता समुद्रातून धरणांत आले आहेत. जिंतूर तालुक्यातले येलदरी, सेलू तालुक्यातला निम्न दुधना प्रकल्प, गंगाखेड तालुक्यातला मासोळी प्रकल्प, गोदावरीवरचे ढालेगाव, मुद्गल आणि डिग्रस हे बंधारे, एवढे पाणी या जिल्ह्याकडे आहे. त्यात उद्या पिंजरे तरंगू लागले, तर पहिला प्रश्न खाद्याचाच येणार.

सुरुवात नॉर्वेपासून करावी लागते. १९७० मध्ये हित्रा बेटाजवळ तरंगत्या पिंजऱ्यात सॅमन वाढवण्याचा यशस्वी प्रयोग झाला आणि त्यातून एक प्रचंड उद्योग उभा राहिला. आज नॉर्वे दरवर्षी सुमारे १५ लाख टन सॅमन पिकवतो. आरंभीच्या काळात माणसे फावड्याने खाद्य भिरकावत. पुढे पिंजरे मोठे होत गेले. आजचा गोल पिंजरा ५० मीटर व्यासाचा असू शकतो आणि कायद्याने त्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. एवढ्या माशांना फावडे पुरत नाही. म्हणून शेकडो टन खाद्य साठवणारा तराफा मध्ये नांगरतात, त्यावरचे ब्लोअर हवेच्या झोताने गोळ्या लांबच लांब प्लास्टिकच्या नळ्यांतून ढकलतात आणि पिंजऱ्याच्या मध्यावर गरगर फिरणारे तोंड त्या पाण्यावर शिंपडते. कित्येक वर्षे हीच पद्धत सर्वमान्य होती आणि अजूनही बहुतेक ठिकाणी तीच आहे.

तिचे दोष मात्र हळूहळू पुढे आले. हवेच्या जोराने नळीत आपटून गोळ्या फुटतात. त्यांचा भुगा मासा खात नाही. ब्लोअरला वीज भरपूर लागते आणि त्यांचा आवाजही मोठा. नळीची आतली बाजू घासून प्लास्टिकचे बारीक कण समुद्रात जातात. वारा उठला की गोळ्या एका बाजूला पडतात. पाण्यात प्रवाह जोराचा असेल, तर सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटर वेगाने खाली जाणारी गोळी माशापर्यंत पोहोचण्याआधीच पिंजऱ्याबाहेर निघून जाते. पिंजरा खाडीच्या आडोशाला असेल तोवर हे सोसता येते. उघड्या समुद्रात, जिथे लाटा चार-चार मीटर उठतात, तिथे वादळाच्या दिवसांत खाद्य देणेच बंद पडते.

पण नॉर्वेला पाण्याखाली उतरायला लावले ते वादळाने नव्हे, एका उवेने. सॅमनच्या अंगावर बसून त्याची कातडी खाणारी ही समुद्री ऊ सगळ्या उद्योगाची डोकेदुखी आहे. एका माशामागे सरासरी अर्ध्याहून अधिक प्रौढ मादी उवा आढळल्या की शेतकऱ्याला उपाय करणे भाग पडते. वसंतात, रानटी सॅमनची पिले समुद्राकडे निघतात तेव्हा, ही मर्यादा आणखी कडक होते. २०१७ पासून तिथल्या सरकारने किनाऱ्याचे तेरा विभाग पाडून प्रत्येकाला हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवायला सुरुवात केली. उवांमुळे रानटी माशांना धोका वाढला, तर त्या विभागाला उत्पादन कमी करावे लागते. या उवेची पिले प्रामुख्याने पाण्याच्या वरच्या थरात असतात. मग मासाच खाली ठेवला तर? विचार सोपा होता. अडचण अशी की खाद्य वर पडत असेल तर मासाही वर येणार. त्याला खाली ठेवायचे असेल, तर घासही खालीच द्यायला हवा.

इथून पाण्याखालच्या खाद्यपुरवठ्याची खरी घडण सुरू झाली. हवेऐवजी पाणीच वाहक झाले. तराफ्यावर गोळ्या वाहत्या पाण्यात मिसळतात, पंप ते मिश्रण नळीतून पाठवतो आणि नळीची तोंडे सात-आठ मीटर किंवा त्याहून खोल उघडतात. पाण्यातून जाताना गोळी फुटत नाही, वीज कमी लागते, आवाज जवळपास नाहीसा होतो. वारा आणि पक्षी दोघांचाही उपद्रव संपतो. मात्र गोळी पाण्यात भिजून विरघळणार नाही इतकी घट्ट असावी लागते आणि नळीत ती फार वेळ रेंगाळून चालत नाही, नाहीतर तिच्यातले तेल आणि पोषक द्रव्ये आधीच पाण्यात उतरतात.

सॅमनच्या शरीररचनेने यात आणखी एक पेच घातला. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि त्या हवेने आपली तरंगपिशवी भरतो. त्याला कित्येक आठवडे खालीच कोंडले, तर पिशवी रिकामी होत जाते, मासा जड होतो आणि तोल सांभाळण्यासाठी डोके वर करून, तिरका, दमछाक होईपर्यंत पोहत राहतो. नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेने यावर बरीच वर्षे काम केले. त्यातून पुढे आलेला एक उपाय म्हणजे बुडवलेल्या पिंजऱ्यातच घुमटाखाली हवेचा साठा ठेवणे. मासा तिथे येऊन हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. म्हणजे घास, हवा आणि लागला तर उजेडही खालीच.

याच काळात पिंजऱ्यांचा आकार आणि किनाऱ्यापासूनचे अंतर दोन्ही वाढत होते. सालमार कंपनीचा ‘ओशन फार्म १’ हा ११० मीटर व्यासाचा अवाढव्य सांगाडा चीनच्या चिंगदाओ बंदरात बांधून २०१७ मध्ये नॉर्वेला नेला गेला. पंधरा लाख माशांची त्याची क्षमता. २०२० मध्ये नूर्डलाक्स कंपनीचे ३८५ मीटर लांबीचे ‘योस्टाइन आल्बर्ट’ आले, जे दिसायला जहाजासारखेच आहे. चीनने २०१८ मध्ये पीत समुद्रात ‘शेन्लान १’ हा बुडवता येणारा पिंजरा उतरवला. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर ‘ओपन ब्लू’ कंपनी बुडवता येणाऱ्या पिंजऱ्यांत कोबिया वाढवते. आणि या सगळ्यांच्या आधी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर विद्यापीठाने किनाऱ्यापासून दूर, पृष्ठभागाखाली बुडवलेल्या पिंजऱ्यांना खाद्य पोहोचवण्यासाठी समुद्रात नांगरलेले खाद्यवाहू बोये तयार केले होते. त्यांतला सर्वांत मोठा २० टन खाद्य पोटात ठेवू शकत होता आणि नळ्यांवाटे ते खालच्या पिंजऱ्यांत पाठवत होता. वादळात कुणी होडी घेऊन जाऊ शकले नाही तरी मासे उपाशी राहू नयेत, हा त्यामागचा विचार. आजच्या यंत्रणांमागचे बरेचसे मूलभूत प्रश्न त्या प्रयोगातच हाताळले गेले.

नळी खोल गेली आणि एक गोष्ट अवघड झाली. पृष्ठभागावर खाद्य टाकताना अनुभवी माणूस पाण्याची खळबळ पाहून सांगू शकतो की माशांची भूक संपत आली. खाली दिलेला घास वरून दिसत नाही. म्हणून डोळेही खाली न्यावे लागले. प्रत्येक पिंजऱ्यात कॅमेरा आणि किनाऱ्यावरच्या खोलीत पडद्यांसमोर बसलेली माणसे, हे दृश्य नॉर्वेत आता नवे नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरची टॅसल कंपनी होबार्ट शहरातल्या एका केंद्रातून दूरवरच्या पिंजऱ्यांना खाद्य देते. गूगलच्या मूळ कंपनीने २०२० मध्ये ‘टायडल’ हा प्रकल्प जाहीर केला, त्यात कॅमेऱ्यातली चित्रे पाहून संगणकच माशांचे खाणे आणि वाढ ओळखतो. कोळंबीच्या तळ्यात पाणी गढूळ असल्याने कॅमेरा चालत नाही. तिथे पाण्यात ध्वनिग्राहक सोडून कोळंबी खाताना होणारा कुरकुर आवाज ऐकतात. आवाज थांबला की खाद्य थांबते. कोळंबीचे हे तंत्र मराठवाड्यासाठी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढे येईलच.

भारताच्या समुद्रात पिंजरा उशिरा आला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टणमला पहिला मोठा पिंजरा उतरवला. त्यात जिताडा होता. त्याच संस्थेला मंडपम केंद्रात २०१० मध्ये कोबियाचे प्रजनन साधले, हा मासा गोव्याकडे मोडसा म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने तामिळनाडूतील ओलैकुडा, आंध्रातील कोथाचथ्रम आणि अंदमानातील नॉर्थ बे इथे खुल्या समुद्रातल्या पिंजऱ्यांचे प्रयोग केले. मराठी-कोकणी बोलणाऱ्या कारवारच्या किनाऱ्यावर संशोधन केंद्राच्या मदतीने स्थानिक मच्छीमारांनी पिंजरे लावले. महाराष्ट्रात कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांमध्ये जिताड्याचे लहान पिंजरे आले.

या सगळ्या ठिकाणी खाद्य अजून बहुतांशी हाताने दिले जाते. जिताड्याला तर अनेकदा बाजारात न खपणारी लहान मासळी चिरूनच घालतात. पश्चिम किनाऱ्यावरचा खरा अडसर पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र असा उसळतो की कारवारसारख्या आडोशाच्या खाडीबाहेर पिंजरा टिकत नाही. त्याआधीच मासा काढावा लागतो. पिंजरा लाटांखाली बुडवून ठेवणे आणि तिथेच त्याला खाद्य पुरवणे हे तंत्र भारतात कुठे सार्थकी लागणार असेल, तर ते याच किनाऱ्यावर. कोकणातल्या मच्छीमाराला वर्षाचे चार महिने परत मिळवून देण्याची ताकद त्यात आहे, आणि केंद्राने व राज्याने त्यासाठी पैसा ओतला तर तो वाया जाणार नाही.

पाण्याखाली खाद्य देण्याची एक भारतीय पद्धत मात्र नॉर्वेच्या पंपाची वाट पाहत बसली नाही. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरातल्या मत्स्यतळ्यांमध्ये शेतकरी रिकाम्या खताच्या पोत्यांना तळाशी भोके पाडतात, त्यात भाताचा कोंडा आणि पेंड भरतात आणि ती पोती बांबूला किंवा दोरीला बांधून पाण्यात अर्धवट बुडवून ठेवतात. रोहू-कटला येऊन भोकांना तोंड लावतात आणि हवे तेवढे ओढून घेतात. मासा खाईल तेवढेच बाहेर येते, उरलेले पोत्यातच राहते आणि पोते उचलून पाहिले की हिशोब कळतो. वीज नाही, पंप नाही, तरी घास खाली पोहोचतो आणि मोजताही येतो. ज्या जिल्ह्यात सरकी पेंड, भुईमूग पेंड आणि सोयाबीनची ढेप गावोगाव मिळते, तिथल्या मत्स्यपालकांनी हे पोते आधी अभ्यासावे.

आता धरणांकडे. जलाशयांतील पिंजऱ्यांना देशात गती दिली ती बराकपूरच्या केंद्रीय अंतःस्थलीय मत्स्य संशोधन संस्थेने. झारखंडचे चांडिल धरण, छत्तीसगडचे सरोदा सागर इथे पिंजऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले डिंभे धरण हे यातले महत्त्वाचे नाव. धरणाने विस्थापित झालेल्या महादेव कोळी कुटुंबांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मच्छीमार सहकारी संस्था उभी केली, मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवायला शिकवले आणि ‘शाश्वत’ला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. डिंभ्यातले पिंजरे बाजारात विकण्याचा मासा पिकवण्यासाठी नव्हते. बोटुकली चांगली बोटभर करून मग जलाशयात सोडायची, म्हणजे मरळ आणि इतर शिकारी माशांच्या तोंडातून ती वाचेल, असा हेतू होता. धरणग्रस्तांना धरणाचा मासा मिळावा ही त्यातली न्यायाची बाजू फार मोलाची आहे.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने मात्र विक्रीसाठीच्या पिंजऱ्यांना जोर दिला. या योजनेत जलाशयातल्या एका पिंजऱ्याचा प्रमाण खर्च ३ लाख रुपये धरला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. नेहमीचा पिंजरा सहा मीटर लांब, चार रुंद, चार खोल, म्हणजे ९६ घनमीटरचा. त्यात पंगस किंवा सुधारित चिलापी वाढवतात आणि चांगल्या देखभालीत एका पिंजऱ्यातून तीन टनांच्या आसपास मासा निघतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्याने वीज आणि कर्जाची वाटही सोपी होण्याची आशा आहे. मराठवाड्याच्या धरणांवर पिंजऱ्यांची मागणी यापुढे वाढतच जाईल.

येलदरी धरण पूर्णा नदीवर आहे. ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन वीजसंच. खालच्या सिद्धेश्वर धरणासह हा पूर्णा प्रकल्प परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांची शेती भिजवतो. परभणी शहराची तहानही पूर्णेच्याच पाण्यावर भागते. ही शेवटची गोष्ट पिंजऱ्यांच्या चर्चेत सर्वांत आधी यायला हवी.

एक ढोबळ हिशोब करून पाहावा. २४ पिंजऱ्यांची एक रांग टाकली आणि प्रत्येकातून तीन टन मासा काढला, तर ७२ टन मासा होतो. एक किलो माशाला दीड किलो खाद्य धरले, तर १०८ टन खाद्य जलाशयात गेले. खाद्यात फॉस्फरस साधारण एक टक्का असतो, म्हणजे हजार किलोहून अधिक. माशाच्या अंगात त्याचा तिसरा हिस्सा साठला असे मानले, तरी सुमारे सातशे किलो फॉस्फरस पाण्यात आणि गाळात राहतो, आणि शेवाळाला तोच हवा असतो. आता देखभाल ढिली पडली आणि एका किलोला दीडऐवजी १.८ किलो खाद्य लागू लागले, तर २१ टनांहून अधिक खाद्य जास्त जाते. किलोला ४५ रुपये धरले, तर पावणेदहा लाखांच्या घरातली रक्कम. तोटा संस्थेचा आणि गाळ सगळ्या शहराचा. मोठ्या, भरलेल्या येलदरीला एक रांग फारशी जाणवणार नाही. पण मराठवाड्यात धरण भरलेले असतेच असे नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात या भागातली धरणे मृतसाठ्यावर आली होती, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पाणी उतरले की पिंजऱ्याखालची खोली कमी होते, तळाचा कुजका थर जाळ्याच्या जवळ येतो आणि तेच खाद्य, तेवढेच मासे, दुपटीने धोक्याचे होतात.

मग समुद्रातला पंप आणि खोल नळी येलदरीत आणावी का? आज नको, असेच उत्तर द्यावे लागते, आणि त्याची कारणे पाण्यातच आहेत. इथे समुद्री ऊ नाही, चार मीटरच्या लाटा नाहीत. पंगस हवेतूनही श्वास घेणारा मासा. तो वर येतोच. चिलापीही तरंगती गोळी आनंदाने खाते. त्यांना खाली घास देण्यात फायदा नाही, उलट खाणे डोळ्यांनी पाहण्याची सोय जाते. शिवाय उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या खालच्या थरात प्राणवायू कमी होतो. तिथे माशाला खायला बोलावणे म्हणजे त्याला गुदमरवणे. खाल्लेले पचवायला माशाला जादा प्राणवायू लागतो, त्यामुळे चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी दिलेले खाद्य उपाशी ठेवण्यापेक्षा वाईट ठरते. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. ऊन वर आल्यावर पहिले खाद्य द्यावे, ढगाळ दिवशी हात आखडावा, हे साधे नियम लाखोंच्या यंत्रापेक्षा जास्त मासे वाचवतात. परभणीचा हिवाळाही विसरता येत नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. मूळचा उष्ण नद्यांतला पंगस थंडीत खाणे झपाट्याने कमी करतो. वेळापत्रकाप्रमाणे टाकलेली गोळी मग जशीच्या तशी वाहून जाते.

सागरी तंत्रातून घ्यायची ती गोष्ट वेगळी आहे. खाल्ले गेले की नाही हे खालून पाहण्याची शिस्त. तीही इथल्या पाण्याला जुळवून घ्यावी लागेल. पूर्णा काळ्या मातीतून येते. पावसाळ्यात तिचे पाणी इतके गढूळ असते की कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचे दिसणार नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी निवळते तेव्हा काही हजार रुपयांचा जलरोधक कॅमेरा पुरेसा आहे. त्याची चित्रे मोबाइलवर पाहता येतात. पावसाळ्यासाठी पिंजऱ्याच्या तळाशी टांगलेले बारीक जाळीचे ताट जास्त भरवशाचे. खाद्य दिल्यावर अर्ध्या तासाने ते वर ओढायचे आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. आंध्रातले कोळंबीवाले हे रोज करतात. त्यापुढची पायरी म्हणजे कोळंबीच्या तळ्यातला तो ध्वनिग्राहक. गढूळ पाण्यात कान डोळ्यांपेक्षा उपयोगी पडतात. पंगसाच्या खाण्याचा आवाज ओळखता येतो का, हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला शोभणारा विषय आहे आणि उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाला तो हाताशी आहे.

वाऱ्याचाही बंदोबस्त करावा लागतो. मोकळ्या जलाशयावर दुपारनंतर वारा सुटतो आणि तरंगती गोळी जाळ्याच्या कडेला जाऊन बाहेर पडते. पिंजऱ्याच्या मध्यावर प्लास्टिकच्या पाइपचे किंवा बारीक जाळीचे कडे तरंगत ठेवले की गोळी आतच राहते. हे अनेक ठिकाणी करतात, तरी कित्येक पिंजऱ्यांत ते दिसत नाही, याचे वाईट वाटते.

पाण्याखालचा घास इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल तो रोहू-मृगळाच्या बोटुकलीसाठी. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यांच्या पिंजऱ्यात सगळे खाद्य तरंगते ठेवले, तर कटला पुढे जातो आणि बाकीचे मागे राहतात. डिंभ्यासारखे बोटुकली वाढवणारे पिंजरे आणि कोल्लेरूसारखी भोकांची पोती किंवा टांगती ताटे, यांची जोडी येलदरी, निम्न दुधना, मासोळी इथे आधी लावून पाहावी. असे पिंजरे थोडे महिने चालतात, खाद्य कमी लागते, पाण्यावर भार कमी पडतो. शिवाय फायदा पिंजऱ्याच्या मालकापुरता न राहता जलाशयात जाळे टाकणाऱ्या सगळ्या भोई कुटुंबांपर्यंत पोहोचतो. ठेका कुणाचा, पिंजरा कुणाचा आणि मासा कुणाचा, या प्रश्नांवर मराठवाड्यातल्या अनेक सहकारी संस्था कागदावरच उरल्या आहेत. नवे तंत्र आणताना तीच चूक पुन्हा झाली, तर अनुदानाचे पिंजरे बाहेरच्या ठेकेदाराच्या हाती जातील आणि जलाशयाकाठी पिढ्यानपिढ्या राहणारा माणूस त्यांची राखण करील.

खाद्य येणार कुठून, हाही परभणीचा स्वतःचा प्रश्न आहे. नॉर्वेचा सॅमन मोठ्या प्रमाणावर ब्राझीलच्या सोयाबीनवर वाढतो. परभणी जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीन हे मुख्य पीक. त्याची ढेप बाहेर जाते आणि तयार मत्स्यखाद्य पोत्यांत भरून परराज्यातून येते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. त्याच्या परभणीतल्या आवारात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ढेपीपासून तरंगती आणि बुडणारी अशा दोन्ही प्रकारची गोळी बनवायला लागणारे एक्सट्रूडर यंत्र आणि ते समजणारी माणसे अन्नतंत्राच्या जगाला नवी नाहीत. स्थानिक गोळी चार रुपयांनी जरी स्वस्त पडली, तरी २४ पिंजऱ्यांच्या रांगेमागे वर्षाला चार लाखांहून अधिक वाचतात. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून झालेल्या शेततळ्यांत मासे सोडणाऱ्या शेतकऱ्यालाही तिचा उपयोग होईल.

येलदरी असो की निम्न दुधना, पिंजऱ्यांना परवानगी देण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाने आणि जलसंपदा विभागाने मिळून चार अटी घालाव्यात. प्रत्येक रांगेची रोजची खाद्यनोंद असावी. प्रत्येक पिंजऱ्याखाली मोजणीचे ताट असावे. महिन्यातून एकदा पृष्ठभाग, मध्य आणि तळ अशा तीन खोलींवर प्राणवायू मोजला जावा. आणि साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की पिंजरे रिकामे करावेत. या नोंदी धरणाकाठच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात, म्हणजे त्या पाण्यावर जगणाऱ्यांना त्या वाचता येतील. विद्यापीठ, उदगीरचे महाविद्यालय आणि एखादी तयारीची मच्छीमार संस्था यांनी एकत्र येऊन येलदरीवर चार पिंजऱ्यांचा एक वर्षाचा प्रयोग करावा, दोन तरंगत्या गोळीवर, दोन टांगत्या पोत्यांवर, आणि त्याचे आकडे जसे येतील तसे जाहीर करावेत. हा प्रयोग येत्या पावसाळ्यानंतर, धरणात पाणी असतानाच सुरू करायला हवा.